काट्याची साक्ष

तत्त्वज्ञानाचे प्रश्न पोथ्यांत आणि प्राध्यापकांच्या व्याख्यानांतच भेटतात असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादी दुपार काढावी. एकीकडे लेथ फिरत असतो, दुसरीकडे तापून लाल झालेले बीड साच्यात ओतले जात असते. आणि मधल्याच एखाद्या गॅरेजच्या दारात, बॉनेट उघडलेल्या मोटारीभोवती चार माणसे उभी राहून अशा एका प्रश्नाचा खल करीत असतात, की ज्यावर आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी शतकानुशतके वाद घातला. प्रश्न एवढाच, की साक्षीदार वाईट बातमी सांगतो आहे. तेव्हा बातमी खरी मानायची, की साक्षीदार खोटा मानायचा?

मोटारीच्या बाबतीत हा साक्षीदार म्हणजे तेलाच्या दाबाचा काटा. इंजिनाच्या तळाशी तेलाचे एक भांडे असते; मेस्त्रीलोक त्याला चेंबर म्हणतात. तिथले तेल एक छोटा पंप ओढून घेतो, ते गाळणीतून जाते आणि इंजिनाच्या पोटातल्या बारीक वाटांनी प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचते. इंजिनाचा मुख्य दांडा धातूवर फिरतो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की धातूला धातू भिडतो, आणि वर्षानुवर्षे इमानाने चाललेले इंजिन काही मिनिटांत जाम होते. हे सारे बंद पोटात घडत असल्यामुळे चालवणाऱ्याला दिसत नाही. म्हणून काटा बसवायचा. १८४९ साली युजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने एका वाकवलेल्या चपट्या नळीचे पेटंट घेतले. जत्रेतली कागदी नळी फुंकताच जशी सळकन उलगडते, तशी ही धातूची नळी आत दाब आला की किंचित सरळ होऊ पाहते आणि आपल्याबरोबर काटा ओढते. पुढे विजेवर चालणारे काटे आले. आता बहुतेक मोटारींत काटाही गेला आणि तेलाच्या झारीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा तेवढा उरला. साक्षीदाराचे रूप बदलले. त्याच्याशी आपले वागणे मात्र बदललेले नाही.

ते वागणे कसे असते हे मी गेल्या वैशाखात जवळून पाहिले. माझ्या एका स्नेह्यांकडे जुनी जीप आहे. तिच्यातून आम्ही दोन कुटुंबे गगनबावड्याकडे निघालो होतो. पुढे करूळचा घाट उतरून कोकणात जायचा बेत होता. मागे मुलांच्या भेंड्या रंगल्या होत्या. कळे गाव मागे पडले आणि तेलाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. थोड्या वेळाने तो पार तळाला टेकला. स्नेह्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी आणखी जोरात टिचकी मारली. मग म्हणाले, “गाडी तर झकास पळतेय. काटाच गेला असणार.”

मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, थांबवून बघा तरी.”

“आता कुठं थांबायचं? उन्हात बसायचंय का?”

“मुलं आहेत गाडीत,” त्या एवढेच म्हणाल्या.

गाडी थांबली, पण त्या टिचकीने माझे मन धरून ठेवले. काटा वर होता तोवर, म्हणजे कोल्हापूर सोडल्यापासून कळ्यापर्यंत, त्याच्या काचेवर कुणी टिचकी मारली नव्हती. त्याची साक्ष आम्ही डोळे मिटून मान्य केली होती. तो खाली येताच मात्र त्याच्या चारित्र्याबद्दल शंका सुरू झाल्या. वाईट बातमी आली की आपण पहिली टिचकी बातमी आणणाऱ्याला मारतो. चांगली बातमी आणणाऱ्याला आपण कधी तपासतो का?

स्नेह्यांनी आपल्या मेस्त्रींना फोन लावला. मेस्त्री सगळे ऐकून म्हणाले, “मालक, आदी इंजन बंद करा. काटा खरा का खोटा, ते मागनं भांडू.” तासाभराने ते मोटारसायकलीवरून पिशवी घेऊन हजर झाले.

त्यांच्या तपासणीचा क्रम मी नीट पाहिला, कारण त्यात एका शहाण्या न्यायाधीशाची रीत होती. आधी त्यांनी तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली आणि तेलाची पातळी पाहिली. तेल पुरेसे होते. मग दोन बोटांत ते चोळले आणि वास घेतला. पेट्रोल मिसळून तेल पातळ झाले असेल तर दाब खरोखरच पडतो. तेही ठीक निघाले. इंजिनाच्या अंगात दाब ओळखणारा एक लिंबाएवढा तुकडा बसवलेला असतो, त्याला सेंडर म्हणतात. त्याची तार काढून त्यांनी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा सरकन दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे काटा आणि तार दोन्ही शाबूत. उरले दोघे : सेंडर आणि इंजिन. तेव्हा त्यांनी सेंडर खोलून काढला, त्याच भोकात पिशवीतला आपला स्वतःचा, नळीचा काटा आटून बसवला आणि स्नेह्यांना किल्ली फिरवायला सांगितले. काटा चढला आणि ठाम राहिला. मेस्त्रींनी कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, “इंजन सोन्यासारखं हाय. ह्यो तुकडा मेलाय.”

मी विचारले, “दुसरा काटा कशाला जोडलात? तोच पुन्हा पाहिला असता तर?”

“त्याच तारंवरनं शंभर येळा इचारलं तरी तेच सांगणार की त्यो,” मेस्त्री हसून म्हणाले.

हे वाक्य न्यायशास्त्राच्या ग्रंथात शोभले असते. एकाच तारेवर बसलेले दोन साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार. एका घरातल्या चौघांनी एकाच शेजाऱ्याकडून ऐकलेली गोष्ट चार तोंडांनी सांगितली, म्हणून ती चौपट खरी होत नाही. पडताळा घ्यायचा तर निराळ्या वाटेने घ्यावा लागतो. आमच्या भागातल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या हेच करतो. काहिलीतल्या रसाचा रंग आणि उकळी त्याला दिसत असतेच. तरी तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. डोळ्यांनी दिलेल्या साक्षीची खात्री तो डोळ्यांकडे मागत नाही.

काटा खोटा ठरताच स्नेह्यांची कळी खुलली. “बघा, मी म्हणालोच होतो!” ते म्हणाले. खरेच ते तसे म्हणाले होते. मग त्यांचे बरोबर आणि त्यांच्या पत्नीचे चूक, असे झाले का? मला तसे वाटत नाही. लाकूड पोखरताना किड्याच्या वाटेने कधी एखादे अक्षर उमटते. म्हणून किडा साक्षर ठरत नाही. आपल्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. स्नेह्यांचे म्हणणे खरे निघाले, पण त्यांच्यापाशी ते म्हणण्याला आधार नव्हता. होती ती फक्त इच्छा. ‘थांबा’ म्हणणाऱ्या बाईंना इंजिनातले काही ठाऊक नव्हते. पण दोन्ही बाजूंना काय टांगलेले आहे ते त्यांनी अचूक तोलले होते. काटा खोटा असून थांबलो तर एक तास जातो. काटा खरा असून चालत राहिलो तर इंजिन जाते, तेही कदाचित मुले मागे बसलेली असताना, घाटाच्या वळणावर. ज्या दोन चुकांची किंमत इतकी विषम आहे, त्यांच्यात तटस्थ राहणे हा शहाणपणा नव्हे. एखादे कृत्य योग्य होते की नाही, हे ते करताना आपल्याला काय ठाऊक होते आणि आपण काय पणाला लावले होते यावरून ठरते. मागाहून फासे कसे पडले यावरून नव्हे.

आता त्या जुन्या वादाकडे वळू. मीमांसक म्हणतात की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरेपर्यंत खरे धरून चालावे. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञानाचे खरेपण बाहेरूनच सिद्ध व्हावे लागते. त्या ज्ञानाला धरून कृती केली आणि ती फळाला आली, की मग ते खरे. वरवर पाहता मीमांसक भोळा आणि नैयायिक चिकित्सक वाटतो. पण मीमांसकाची अट कडक आहे. ज्ञान खोटे ठरवायचे तर दोनच मार्ग : एक तर त्याच्याविरुद्ध जाणारे दुसरे बळकट ज्ञान हाती आले पाहिजे, नाही तर ज्या साधनाने ते ज्ञान झाले त्या साधनातला दोष दाखवता आला पाहिजे. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो. डोळ्यातला दोष कळला की शंखाचा पिवळेपणा आपोआप सुटतो. आमच्या मेस्त्रींनी हेच दोन मार्ग वापरले. नळीचा काटा हे विरुद्ध ज्ञान, आणि मेलेला सेंडर हा साधनातला दोष. ‘मला आवडत नाही’ हा तिसरा मार्ग कोणत्याही दर्शनात सांगितलेला नाही. व्यवहारात मात्र आपण बहुतेक वेळा तोच पत्करतो. गोड बातमीच्या बाबतीत आपण मीमांसक असतो, कडू बातमीच्या बाबतीत नैयायिक. आणि दोन्ही वेळा आपण बुद्धीने वागलो अशी स्वतःची समजूत घालतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काटे खरोखरच बिघडतात, आणि सेंडर हा नाजूक तुकडा निकोप इंजिनाच्या किती तरी आधी मरू शकतो. काटा पडला की लगेच ‘इंजिन खोलावे लागेल’ असे सांगणारे कारागीरही असतातच, आणि त्या खोलण्यात त्यांचा फायदा असतो. काही घरांत एखादे माणूस असे असते, की त्याचा काटा सदैव तळालाच. पाऊस आला तर पूर येणार, मुलाला शिंक आली तर न्यूमोनिया होणार. अशा साक्षीवर दर वेळी गाडी थांबवली तर गाव कधी यायचेच नाही. तेव्हा साक्षीदारावर शंका घेणे हा गुन्हा नव्हे. शंका घेऊन तपास न करणे हा गुन्हा आहे; आणि त्याहून मोठा गुन्हा म्हणजे एकाच बाजूच्या बातमीवर शंका घेणे.

कारण वर असलेला काटाही खोटे बोलतो, आणि त्याचे खोटे अधिक घातक असते. इंजिनातली तेलाची एखादी वाट गाळाने बुजली तर अलीकडे दाब उत्तम दिसतो आणि पलीकडचे बेअरिंग कोरडे पडते. काटा सांगतो तो एका जागेचा दाब. सगळीकडे तेल पोहोचले असा अर्थ आपण आपल्या पदरचा जोडतो. अमेरिकेत पेनसिल्वेनियातील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी अणुभट्टीचा जो अपघात झाला, त्यात असेच घडले. एक झडप उघडी अडकून राहिली होती आणि थंडावा देणारे पाणी तिच्यातून निघून जात होते. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र विझलेला होता, म्हणून झडप मिटली असे तिथल्या माणसांनी धरले. वास्तविक तो दिवा विझण्याचा अर्थ ‘झडपेला मिटण्याचा हुकूम गेला’ एवढाच होता. हुकूम गेला, तो पाळला गेला की नाही हे दिवा सांगतच नव्हता. दोन तासांहून अधिक काळ ती झडप तशीच उघडी राहिली आणि भट्टीतल्या इंधनाचा मोठा भाग वितळला. ‘सांगितले’ आणि ‘झाले’ यांत केवढे अंतर असते, हे आपल्या कचेऱ्यांत खेटे घातलेल्या माणसाला निराळे सांगायला नको.

याच्याही पुढची पायरी मोटारींच्या इतिहासात आहे. मॅझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही छोटी मोटार १९८९ साली बाजारात आली. तिच्या पहिल्या काही वर्षांतला तेलाचा काटा खरा दाब दाखवीत असे. इंजिन थंड असताना तो वर जाई, गरम होऊन संथ चालू लागले की खाली येई, आणि हे अगदी स्वाभाविक असते. १९९५ च्या सुमारास कंपनीने त्या जागी नुसती एक कळ बसवली. ठरावीक किमान दाब आहे ना, मग काटा मध्यावर. नाही, तर तळाला. अधले-मधले काही नाही. फोर्ड कंपनीनेही आपल्या काही मोटारींत हेच केले होते. काटा खाली-वर होताना पाहून निरोगी गाडीचे मालकही घाबरून तक्रारी घेऊन येत, असे याचे कारण सांगितले जाते. म्हणजे काट्याचे रूप कायम ठेवून त्याची जीभ तेवढी कापली. यात दुष्टावा नव्हता. ग्राहकाच्या जिवाला घोर नको, हाच हेतू असेल. पण उद्या येणारे संकट आज थोडे थोडे कळावे म्हणून जो काटा होता, तो आता संकट दारात आल्यावरच बोलणार होता.

या मध्यावर बसवलेल्या काट्याला परदेशी म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपली जुनी पत्रे आठवा. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम’. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असो की घर गहाण पडलेले असो, पत्राची सुरुवात क्षेमानेच व्हायची. वाचणाऱ्याला ते ठाऊक असे, म्हणून तो ओळींच्या मधले वाचायला शिकलेला असे. पत्रे गेली, मोबाईलच्या पडद्यावर समोरासमोर भेटी आल्या. क्षेम मात्र राहिले.

आमच्या शेजारी एक आजी आहेत, नव्वदीच्या उंबरठ्यावर आलेल्या. मुलगा परदेशी. दर रविवारी संध्याकाळी पडद्यावर भेट होते आणि दुपारपासून आजींची तयारी चालते. स्वच्छ पातळ, नीट विंचरलेले केस, खिडकीपाशी उजेडात ओढलेली खुर्ची, आणि काठी दाराआड. “मी ठणठणीत आहे रे, तू तुझं बघ.” काटा मध्यावर. दोन महिन्यांत त्या रात्री दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. शेवटी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी धीर करून मुलाला फोनवर ते सांगितले. मुलाचा पहिला प्रश्न होता, “पगार वाढवून हवाय का?” ही काचेवरची टिचकी. पण मुलगा विचारी. दुसऱ्या दिवशी त्याने आईला पुन्हा विचारले नाही. त्याच तारेवरून तेच उत्तर आले असते. त्याने आपल्या जुन्या डॉक्टरांना फोन करून घरी पाठवले, आणि महिन्याभरात स्वतः येऊन आठ दिवस राहिला. जाताना कामाच्या बाईंपुढे हात जोडून ‘ताई, माझं बोलणं मनावर घेऊ नका’ असे म्हणाल्याचे त्या बाईंनीच मला सांगितले. आजी मात्र अजून त्यांच्यावर थोड्या रुसलेल्या आहेत. “काय गरज होती त्याच्या जिवाला घोर लावायची?” असे म्हणतात.

आजींना खोटे बोलणाऱ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या त्या बोलण्यात निखळ माया आहे. पण मायेने मध्यावर बसवलेला काटाही बसवलेलाच असतो, आणि त्याची किंमत ज्याच्यावर माया केली त्यालाच एके दिवशी एकरकमी भरावी लागते. काळजी ही काही केवळ यातना नव्हे. ज्याची काळजी वाहायची तो हयात असताना ती वाहायला मिळणे हा मुलाचा हक्क आहे. तो त्याच्यापासून काढून घेणाऱ्या दयाळूपणाला मी तरी पूर्ण दया म्हणणार नाही.

यंत्राच्या आत हात घालणाऱ्या माणसांना हे लवकर उमगत असावे. या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ज्याने भिंग आणि दातेरी चाके आपल्या हाताने बसवली, तो यंत्राची पूजाही करीत नाही आणि त्याला शिव्याही देत नाही. ते कुठवर खरे सांगते आणि कुठून पुढे मुके होते, हे त्याला माहीत असते. माणसांच्या साक्षीकडे आपण याच नजरेने पाहिले, तर घरातली निम्मी भांडणे मिटतील.

त्या तांबड्या दिव्याची एक रीत मला फार आवडते. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो क्षणभर लागतो आणि मग विझतो. त्या वेळी संकट काहीच नसते. पण दिवा जणू सांगून घेतो की मी जिवंत आहे, वेळ आली तर बोलेन. किल्ली फिरवूनही तो लागला नाही, तर जाणता चालक सुखावत नाही. आधी दिवा तपासतो. न लागणारा दिवा आणि विझलेला दिवा दिसायला सारखेच असतात, आणि दोन्हींच्या शांततेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

या दिवसांत लेकी-सुना, मुले-नातवंडे घरी येतील, फराळाची ताटे फिरतील, आणि ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘उत्तम’ हे उत्तर दहा वेळा मिळेल. ते खरेही असेल. पण पंगत उठल्यावर, ओसरीवर सुपारी कातरताना, एखाद्याने जरा अडखळत काही सांगायला सुरुवात केली, तर टिचकी मारण्यासाठी उचललेले बोट तेवढे खाली घ्यावे. सांगणाऱ्याचे चुकत असेल. तपासाला नंतर वेळ आहे. मेस्त्री म्हणाले तसे, आधी इंजिन बंद करावे, भांडण मागाहून.